जात्याला टाकी

शनिवारी कस्तुरी सिंगापुरातल्या पासिर रिसच्या बाजारातून परतली, तेव्हा लिफ्टमध्येच तिला टकटक ऐकू आली. नवव्या मजल्यावर कळलं, आवाज आपल्याच फ्लॅटमधून येतोय.

हॉलमध्ये मालतीबाई मांडी घालून रोमन जात्याच्या तळीवर छिन्नी चालवत होत्या. जातं अस्सल नव्हतं. उत्खननात सापडलेल्या एका जात्याची हुबेहूब नक्कल होती. त्यावर रोज गहू दळून दगड किती झिजतो, हे कस्तुरी विद्यापीठासाठी तीन महिने मोजत होती. तिची फेलोशिप त्या आकड्यांवर टिकून होती.

"आई! काय केलंस हे?"

"टाकी लावली. दगड गुळगुळीत झाला होता, पीठ रवाळ पडत होतं."

"अगं, ती झीजच मोजायची होती मला!"

"झीज कसली मोजतेस? झिजलं की नीट करायचं. रोमन लोकांच्या घरात बायका नव्हत्या की काय?"

बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या मिसेस को, सिंगापुरी हेल काढत. "रिनोव्हेशन ah? परमिट आहे?"

मालतीबाईंनी हाताला धरून त्यांना आत बसवलं आणि ताज्या पिठाची पोळी वाढली. मिसेस को दोन खाऊन, तिसरी फॉइलमध्ये घेऊन गेल्या.

"बघ, तिला कळलं."

"तुला यातलं काही कळत नाही, आई," कस्तुरी म्हणाली आणि खोलीत निघून गेली.

रविवारी मालतीबाई उठल्याच नाहीत. झोपेतच गेल्या.

महिन्याने कस्तुरीने जातं विद्यापीठात परत केलं आणि अहवाल दिला: अननुभवी व्यक्तीच्या हस्तक्षेपामुळे प्रयोग बाद. दुसऱ्याच दिवशी प्रोफेसर लिमनी प्रयोगशाळेत बोलावलं. माफीची वाक्यं ती बसमध्येच जुळवून आली होती.

टेबलावर तिचं जातं होतं, शेजारी मूळ रोमन जात्याचा फोटो.

"हे बघ. तोंडाशी खोल ठोके, काठाला बारीक. मूळ जात्यावर असे का, मला वर्षानुवर्षं कळलं नव्हतं. तुझ्या जात्यावर अगदी तेच! पीठ कसं पडलं?"

"मऊ. एकदम मऊ."

"मग ही अननुभवी व्यक्ती कोण? तिला घेऊन ये lah! पुढचा प्रयोग तिलाच करू दे. कधी येईल?"

कस्तुरी टेबलाजवळ गेली. तिने त्या खाचांवर तळवा टेकवला.

"आई," ती मराठीतच मोठ्याने म्हणाली, "तुला कळत होतं गं. मलाच कळत नव्हतं."