सगळ्या तारा सारख्या घट्ट

भिवाअण्णांनी आयुष्यात एकही नट ढिला सोडला नव्हता, आणि ही गोष्ट ते ओळख झाल्या झाल्या समोरच्याला सांगून टाकत. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या लाइनवर शेवटचा हात त्यांचा असे. हातात टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराला पोचला की 'कट' असा आवाज करून 'बास' म्हणणारा पाना. नटाला पाना लावायचा, कट ऐकायचा, नटावर पिवळ्या पेनाने रेघ ओढायची आणि पुढच्या नटाकडे वळायचं. ती रेघ दिसली की साहेबसुद्धा त्या नटाला हात लावत नसत. अण्णा रिटायर झाले तेव्हा लाइनवरच्या पोरांनी शालीबरोबर एक छोटा टॉर्क रेंचच भेट दिला. शाल कपाटात गेली आणि रेंच उशाशी आला.

तर हा असा माणूस संगीत शिकायला निघाला, आणि त्याला कारण होत्या त्यांच्या पत्नी चिमाबाई.

चिखलीच्या विहारात बुद्धपौर्णिमेचं पहिलं गाणं वर्षानुवर्षं चिमाबाईंचं. मग त्यांचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. तब्येत सुधारली, पण आवाज खाली उतरला तो तिथेच राहिला. विहारात पेटीवर जयसिंग. माणूस सोन्यासारखा, पण आपली पट्टी सोडणार नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्याच कार्यक्रमात चिमाबाई त्या पट्टीवर चढायला गेल्या आणि आवाज मधेच फाटला. मागे कुणीतरी खुदकन हसलं. त्या दिवसापासून चिमाबाई शेवटच्या रांगेत उभ्या राहू लागल्या. सगळ्यांबरोबर गातात असं दिसायचं. अण्णांना सुरातलं काही कळत नव्हतं, पण नजर तपासणीवाल्याची. त्यांनी समोरून पाहिलं, चिमाबाईंचे ओठ हलत होते आणि गळा हलत नव्हता. त्या रात्री अण्णांना जेवण गेलं नाही.

त्यांनी मनाशी ठरवलं की बायकोला स्वतःचा वाजवणारा माणूस हवा, ती म्हणेल तिथे वाजवणारा. पेटी शिकायची तर उरलेला जन्म पुरायचा नाही. मग लेकीने, अंजलीने, फोनवर एक जाहिरात दाखवली. मोशीत एका हॉलमध्ये दर रविवारी ऑटोहार्प शिकवतात, सर्व स्तरांसाठी, अगदी काहीच न येणाऱ्यांसाठीही. अण्णा म्हणाले, तो शेवटचा स्तर माझाच.

ऑटोहार्प म्हणजे छातीशी धरायची चपटी लाकडी पेटी. तिच्यावर छत्तीस तारा, आणि तारांवर आडव्या दांड्या, प्रत्येकीला एक बटण. बटण दाबलं की नको असलेल्या तारा आपोआप गप्प बसतात आणि हात फिरवला की हव्या तेवढ्याच वाजतात. शिकवणाऱ्या तनुजा मॅडमनी हे दाखवलं आणि अण्णा खूश झाले. चुकायची सोयच ठेवलेली नाही! हे यंत्र करणारा माणूस आपल्याच लाइनमधला असणार, असं त्यांनी तनुजाला सांगूनही टाकलं.

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "यंदा पौर्णिमेला तू गाणार आन मी वाजवणार. महिन्यात बसवतो बघ."

चिमाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "मला कशापाई वढता त्यात," त्या म्हणाल्या. "माझं गाणं झालं आता." आणि दुसऱ्या दिवशी त्या राजगुरुनगरला बहिणीकडे राहायला गेल्या.

अण्णा जिद्दीला पेटले. येत्या रविवारी वर्गातल्या सगळ्यांनी आपापल्या घरच्यांना बोलवायचं होतं आणि शिकलेलं वाजवून दाखवायचं होतं. चिमाबाईंना राजगुरुनगरहून थेट हॉलवर आणायचं काम अंजलीकडे दिलं. बाकीच्यांचे हार्प हॉलमधल्या कपाटातच राहत, पण अण्णांनी हातापाया पडून आपला घरी आणला. सतरंजीवर ठेवला, पुसला, आणि सवयीने एकेक तार बोटाने दाबून पाहिली.

आणि ते पुन्हा पहिल्या तारेपासून दाबू लागले. एक तार टणक, दुसरी मऊ. जाड तारेचा जोर वेगळा, बारकीचा वेगळा. छत्तीस खुंट्या आणि दोन खुंट्यांचा मेळ नाही. अण्णांना त्या जोडणाऱ्याची कीव आली. एवढं सुंदर डिझाइन आणि शेवटी तपासायला चांगला माणूस ठेवला नाही! आता तुम्ही म्हणाल, ज्याला तार म्हणजे काय कळतं तो असं करणार नाही. बरोबर आहे. पण ज्याने उभं आयुष्य सगळे नट सारखे घट्ट केले, तो दुसरं काय करणार?

अण्णांनी रेंच काढला. खुंटीवर बसेल असं टोक डब्यात सापडलं. एकेक खुंटी लावत गेले, कट आला की पिवळी रेघ, पुढची खुंटी. एक बारकी तार टणकन तुटली. ते तिला मटेरियलचा दोष म्हणाले आणि पुढे गेले. शेवटी सगळ्या तारा बोटाला अगदी सारख्या लागल्या. त्यांनी बटण दाबून हात फिरवला. जो आवाज आला तो ऐकून शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली, पण अण्णांनी आयुष्यात लक्ष देऊन ऐकलेला सूर म्हणजे कंपनीचा भोंगा. त्यांना वाटलं, आपल्या हाताला अजून सवय नाही.

इथवर ठीक होतं. एका हार्पचं नुकसान, भरून निघालं असतं. पण रविवारी अण्णा शिफ्टला निघाल्यासारखे सकाळीच मोशीला पोचले. रखवालदाराने हॉल उघडून दिला, कपाट उघडून दिलं. अण्णांनी सहज म्हणून बाकीचे पाच हार्प तपासले. पाचही तसलेच!

तनुजा मॅडम किती मनापासून शिकवतात, आणि त्यांना बिचारीला कुणी सांगितलंच नाही. अण्णांचा जीव कळवळला. त्यांनी बाह्या सरसावल्या. दुपारी माणसं येऊ लागली तेव्हा शेवटच्या खुंटीवरची रेघ वाळत होती.

तनुजा आली ती स्वतःचा हार्प घेऊन, म्हणून तो तेवढा वाचला. घरची मंडळी खुर्च्यांवर बसली. चिमाबाईंना अंजलीने पहिल्या रांगेत बसवलं. त्या मांडीवर पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या, जणू बस आली की उठणार. शिकणारे सहाजण समोर. तनुजाने सांगितलं, पहिलं बटण, सगळ्यांनी एकदम.

सहा हातांनी एकदम तारा छेडल्या. मांडणीवरची सगळी भांडी एकदम खाली यावीत तसं झालं.

पण खरी गंमत पुढेच आहे. वर्ग होता सर्व स्तरांसाठी, त्यामुळे प्रत्येकाला वाटलं की चूक आपलीच. किराणा दुकान चालवणाऱ्या मंजुळाबाईंनी बांगड्या काढून पिशवीत टाकल्या. आयटीतल्या ऋतिकने आपण चुकीचं बटण दाबल्याची माफी मागितली. तनुजाने हवेला दोष दिला आणि पंखे बंद करायला लावले. पुन्हा एकदा, म्हणाली. पुन्हा भांडी पडली. एकटे अण्णा समाधानाने बसले होते, कारण त्यांच्या मते आता सगळं सारखं झालं होतं. शेवटी तनुजाने मंजुळाबाईंचा हार्प हातात घेतला आणि खुंट्यांवरच्या पिवळ्या रेघा पाहिल्या. मग पुढचा उचलला. मग पुढचा.

"हे कुणी केलं?" तिने विचारलं. आवाज अगदी हळू होता.

अण्णा उठून उभे राहिले. कंपनीत कौतुकाला नाव पुकारलं की उठायचे तसे. "म्या केलं मॅडम. एक बी तार सारखी नव्हती. आता बोट लावून बघा, सगळ्या सारख्या घट्ट हायेत."

तनुजा खाली बसली. तिला रडू येतंय की हसू, हे तिलाच ठरवता येईना. मग तिने अण्णांना जवळ बोलावून शांतपणे समजावलं की तारा एकसारख्या घट्ट नसतात म्हणूनच वेगवेगळ्या वाजतात. प्रत्येकीचा ताण तिचा तिचा, आणि त्यातूनच सूर होतो. अण्णांच्या डोक्यात ते शिरलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. चिमाबाईंनी मान खाली घातली होती. जिला गाण्याकडे परत आणायचं, तिलाच आपण गाण्याच्या जागी चारचौघांत खाली पाहायला लावलं. एवढी शरम अण्णांना कधी वाटली नव्हती.

आता सगळं पुन्हा लावायचं. तनुजाने फोन काढला, त्यात सूर दाखवणारा काटा असतो. तेवढ्यात शेजारच्या लॉनवर हळदीचा डीजे सुरू झाला आणि फोनचा काटा तारेऐवजी नवरदेवाच्या मित्रांना दाद देऊ लागला. राहता राहिला कान. तनुजा आपल्या हार्पवरची तार वाजवून दाखवी आणि अण्णा तिच्या किल्लीने दुसऱ्या हार्पची खुंटी फिरवत. पण कुठे थांबायचं हे त्यांना कळेना. कट तर येत नव्हता.

"चढली," खुर्चीतून आवाज आला.

अण्णांनी मागे पाहिलं. बोलून गेल्याचं चिमाबाईंनाही नंतरच कळलं असावं. त्या म्हणाल्या, "ती तार. लई चढली. उतरवा जरा."

अण्णांनी उतरवली. "अजून. बास." तनुजाने दोन्ही तारा वाजवून पाहिल्या. अगदी जुळल्या होत्या.

तनुजाने त्यांना हात धरून पुढे आणलं. म्हणाली, काकू, माझी तार ऐका, सूर गळ्यात धरून ठेवा, काका तिथवर तार आणतील. चिमाबाई मागे सरल्या.

"माझा आवाज न्हाई राहिला बाई. वर जातच न्हाई."

"वर नकोच न्यायला," तनुजा म्हणाली. "वरचा सा आणि खालचा सा एकच असतो काकू. दुसरा फक्त खालच्या मजल्यावर राहतो."

चिमाबाईंनी पिशवी अंजलीकडे दिली. मग त्यांनी तनुजाच्या हार्पच्या लाकडाला कान लावला, तार ऐकली आणि तोंड मिटूनच सूर धरला. खालचा, जाड, जरासा खरखरीत. अण्णांनी खुंटी फिरवली. तार हळूहळू येऊन त्या आवाजाला टेकली. मग दुसरी तार. मग तिसरी. पाहुण्यांपैकी कुणी उठलं नाही. मंजुळाबाईंनी सगळ्यांना चहा सांगितला. ऋतिक ओल्या फडक्याने रेघा पुसत बसला. डीजे धडाडत होता आणि त्याच्याखाली चिमाबाई एकेक सूर धरत होत्या. कधी तोंड उघडून गाऊ लागल्या ते कुणालाच समजलं नाही, त्यांना तर नाहीच. अण्णांनी मात्र पाहिलं. गळा हलत होता. त्यांना डोळे पुसायचे होते, पण दोन्ही हात गुंतले होते.

दिवेलागणीला सहावा हार्प लागला. तनुजाने अण्णांना पौर्णिमेपर्यंत एक हार्प घरी न्यायला दिला, फक्त खुंट्या फिरवायची किल्ली काढून घेतली आणि रेंच अंजलीच्या ताब्यात दिला. परतताना बसमध्ये चिमाबाई खिडकीशी बसून काहीतरी गुणगुणत होत्या. अण्णा चिखली येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. बोललो तर थांबेल, अशी त्यांना धास्ती होती.

पुढे रोज संध्याकाळी घरात तालीम झाली. तीन बटणं, कोणत्या शब्दावर कोणतं, हे अण्णांनी चिमाबाईंकडून घोटून घेतलं. पौर्णिमेला विहार गच्च भरला होता. जयसिंगनी पेटी मिटवून बाजूला ठेवली. चिमाबाई पुढे येऊन बसल्या, शेजारी पांढऱ्या शर्टातले अण्णा, छातीशी हार्प, बोट पहिल्या बटणावर. चिमाबाईंनी डोळे मिटले आणि खालच्या सुरात गाणं उचललं. आवाज पूर्वीचा नव्हता. पूर्वी लोक ऐकून टाळ्या वाजवायचे. या वेळी मागच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले, आणि गाणं संपल्यावर टाळ्या सुरू व्हायला जरा उशीर झाला.

गर्दी पांगल्यावर जयसिंग जवळ आले. "वहिनी, झ्याक गायलात," ते म्हणाले. मग अण्णांकडे वळले. "पर भिवा, तुझं वाजलेलं कायच ऐकू आलं न्हाई राव."

अण्णांनी खाली पाहिलं. बोट अजून पहिल्याच बटणावर होतं, आणि दुसरा हात मांडीवर तसाच पडलेला. अख्खं गाणं त्यांनी नुसतं ऐकलं होतं, तारेला हात लागलाच नव्हता. महिनाभराची मेहनत आठवून त्यांचं तोंड एवढंसं झालं. ते चिमाबाईंची माफी मागू लागले.

चिमाबाईंनी त्यांचा मांडीवरचा हात हळूच दाबला.

"अहो, राहू द्या," त्या म्हणाल्या. "पुढल्या वर्षी बी असंच वाजवा."