कॅमेऱ्याची खंडेनवमी

खंडेनवमीला बायकोच्या कॅमेऱ्यांची पूजा करावी, हा विचार माझ्या डोक्यात कुठून आला ते मला सांगता येणार नाही. चांगले विचार माझ्या डोक्यात फारसे येत नाहीत. त्यामुळे एखादा आलाच तर मी तो तपासत बसत नाही, लगेच अमलात आणतो.

तसा मी या विषयातला जाणकार माणूस आहे. नाव साहेबराव असलं तरी सणसवाडीच्या एका कंपनीत मी डिस्पॅच क्लार्क आहे, आणि गेली अकरा वर्षं तिथली खंडेनवमी माझ्याकडे आहे. लेथ, कॉम्प्रेसर, फोर्कलिफ्ट, वजनकाटा, ऑफिसातलं झेरॉक्स मशीन, सगळ्यांना कुंकू मीच लावतो. (एका वर्षी गेटवरच्या मेटल डिटेक्टरलाही हार घातला होता. तो दिवसभर वाजत राहिला, पण ते हाराच्या तारेमुळे.) तर अशा माणसाच्या घरात दोन कॅमेरे बिनपूजेचे राहावेत, हे मला बरं वाटेना.

कॅमेरे माझ्या बायकोचे, शितलचे. शिरूरच्या बाजारपेठेत तिचा फोटो स्टुडिओ आहे. तो आधी तिच्या सोपानमामांचा होता. त्यांनी दुकान दिलं आणि सोबत एक जुना, लोखंडासारखा जड, रोलचा कॅमेराही दिला. दुकानात ती आठवडाभर पासपोर्ट फोटो काढते. "कान दिसू द्या, हसू नका, हलू नका," हे आठ वर्षांत तिनं निम्म्या तालुक्याला सांगितलं असेल. आणि सुट्टीच्या दिवशी मामांचा कॅमेरा घेऊन ती नदी, माळ आणि आभाळ यांचे फोटो काढते. माझी बायको म्हणून सांगत नाही, पण घोड नदी मी जन्मापासून बघतोय. तिच्या फोटोत तीच नदी कुणीतरी आत्ताच धुऊन वाळत घातल्यासारखी दिसते. मी तो फोटो डब्याच्या पिशवीत घालून कंपनीत नेला होता आणि दिवसभर सगळ्यांना दाखवत हिंडलो होतो.

दुसरा कॅमेरा नवा, डिजिटल. तो पळत्या गोष्टींसाठी. तो घेण्याचं कारण इंद्रजीत. हा शितलच्या माहेरचा, कवठे येमाईचा. त्यानं पोरं जमवून दौंड तालुक्यात, केडगावच्या पुढच्या माळावर दसऱ्याला मोटरसायकलींची मातीतली शर्यत ठेवली होती. तो दुकानात येऊन सांगून गेला, "ताई, फायनलचे पाच फोटू दे. झकास आले तर वर्षभराच्या सगळ्या शर्यती तुझ्या. न्हाई आले तर पुण्याचा माणूस हाये. त्यो तर रोज फोन करतोय."

तो गेल्यावर शितलनं काउंटरवरचे पासपोर्ट फोटो पाकिटात भरले. मग म्हणाली, "अहो, आठ वर्षं लोकांना हलू नका, हलू नका म्हणतीय. कधीतरी हलणारं काढायचंय मला."

मग महिनाभर तिची प्रॅक्टिस चालली. एसटी झाल्या, शेळ्या झाल्या, मग माझी पाळी आली. कॉलनीच्या रस्त्यावर तिनं मला मोटरसायकलवर बावीस फेऱ्या मारायला लावल्या. शेवटी म्हणाली, "तुम्ही इतकं हळू चालवताय, तुमचे सगळे फोटो शार्प येत्यात. काही उपयोग न्हाई. शेळ्या बऱ्या होत्या."

आता खंडेनवमी. शितल दुकानात होती. मी पाट मांडला, त्यावर नवी चादर, चादरीवर दोन कॅमेरे, बॅग आणि ट्रायपॉड. झेंडूच्या माळा घातल्या. ट्रायपॉडचे तिन्ही पाय नाड्यानं बांधून टाकले. कॅमेऱ्यांना वरून कुंकू लावलं, पण समाधान होईना. कंपनीतलं मशीन कसं भरपूर मोठं असतं, बोटाला काम मिळतं. इथं दोन मिनिटांत पूजा संपली.

नव्या कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला एक बटण होतं. मी दाबलं. (बटण दिसलं की मी दाबतो. कंपनीत त्यासाठी मला एक मेमो आहे.) भिंग हातात आलं आणि आत एक छोटीशी अंधारी खोली दिसली. त्या खोलीत तिरपा ठेवलेला, नखाएवढा, लखलखीत आरसा. मला अगदी गाभाऱ्यात डोकावल्यासारखं झालं. म्हटलं, साहेबराव, अकरा वर्षं सगळ्यांची बाहेरूनच पूजा केली, देव तर इथं आत आहे. करंगळीनं आरशाला कुंकवाचा टिळा लावला, वर अक्षता वाहिल्या आणि भिंग परत बसवलं. ते बसायला अर्धा तास लागला.

संध्याकाळी शितलनं पाट पाहिला आणि दारातच थांबली. "हे तुम्ही केलंत?" डोळ्यांत पाणी होतं तिच्या. आतल्या टिळ्याचं मी बोललो नाही. गाभाऱ्यातल्या गोष्टींचा गवगवा करू नये, असं मला वाटलं.

दसऱ्याला पहाटे मोटरसायकलवरून निघालो. न्हावरा मागे पडलं, पारगावच्या पुलावर उजाडलं. खाली भीमा काठोकाठ भरलेली, पाण्यावर धुकं, पलीकडे उसाचे तुरे. शितल म्हणाली, "थांबा थांबा! ट्रायपॉड द्या."

"तो पाटावर आहे," मी म्हणालो. "उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवत नाहीत."

"मग कॅमेरे कसे हलले?"

"कॅमेऱ्यांना तातडीचं काम होतं."

तिनं एक मोठा श्वास घेतला. मग मला कठड्याशी उकिडवं बसवलं, मामांचा कॅमेरा माझ्या खांद्यावर टेकवला आणि म्हणाली, "हलू नका. श्वास पण घेऊ नका." मी घेतला नाही. कानाशी एकेक खटका वाजत होता आणि दोन खटक्यांच्या मध्ये ती इतका वेळ नुसती बघत राहायची, की मीही बघायला लागलो. धुक्यातून एक होडी आली. ती आल्यावर खटका वाजला. होडी येणार हे तिला कसं कळलं, देव जाणे. वीस फोटो झाले तेव्हा माझे दोन्ही पाय माझे राहिले नव्हते, पण तक्रार करावीशी वाटली नाही.

मग ती तोंड धुवायला काठावर उतरली आणि कॅमेरा माझ्या हातात राहिला. तिचं बघून मलाही स्फुरण चढलं. म्हशी काढल्या, आमची मोटरसायकल काढली, माझी सावली काढली. कसं उघडतं ते बघताना एक माझ्याच बुटाचा निघाला. शितल वर आली तेव्हा अकरावा चालू होता.

"अहो, रोल हाय तो! छत्तीसच असतात त्यात!"

फोनमध्ये फोटो संपत नाहीत, त्यामुळे मला कल्पना नव्हती. तिनं आकडा बघितला. पाच उरले होते. "जाऊ दे," ती म्हणाली. "शर्यतीला नवा कॅमेरा हायेच." मीही तिला तेच म्हणालो, आणि फार आत्मविश्वासानं म्हणालो.

माळावर जत्रा भरली होती. धूळ, भोंगे, वडापाव, आणि इंद्रजीतच्या हातात माइक. ट्रॅक्टर फिरवून केलेला ट्रॅक होता, तो नांगरल्यासारखा उकरलेला, आणि वळणावर टँकरनं पाणी मारून चिखल केलेला. सरावाची फेरी सुटली. शितलनं नवा कॅमेरा डोळ्याला लावला, पंधरा-वीस फोटो धडाधडा काढले आणि मागचा पडदा बघितला. मग पुन्हा बघितला.

सतरा नंबरच्या पोराला गोवर आला होता. मागच्या पोरालाही. आभाळालाही. सगळीकडे तांबडे ठिपके, आणि मुळात कुठलाच फोटो स्पष्ट नव्हता.

तिनं भिंग काढलं. आत टिळा होता, तोही आता आरसाभर पसरलेला, आणि कोपऱ्यात एक अक्षत उभी होती.

"अहो," ती फार हळू म्हणाली, "हे काय हाय?"

"गाभारा," मी म्हणालो.

मला वाटलं आता ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं रुमालाच्या टोकानं अक्षत काढायला घेतली, ती आणखी आत सरकली. तेवढ्यात इंद्रजीत आला. "ताई, फायनल लागतीय. काही प्रॉब्लेम?"

आठ वर्षांत पहिल्यांदा तिला काहीतरी हवं होतं, आणि मी त्याला कुंकू लावून ठेवलं होतं. खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं.

"काही न्हाई," शितल माझ्या आधी म्हणाली. "त्यात जरा धूळ गेली. मी रोलवर काढते."

"रोल? आता रोल कोण वापरतं? आन् दिसणार कवा?"

"चार दिवसांनी. पाच फोटो मागितलेस ना? पाच देते."

इंद्रजीत मान हलवत गेला. पुण्याच्या माणसाला फोन लावायला गेला असावा.

शितल वळणापाशी जाऊन उभी राहिली. फायनलच्या आधी दोन शर्यती झाल्या. दोन्हींत तिनं कॅमेरा गळ्यातून वर उचललाच नाही. मी घाबरत विचारलं, "काय बघतेस?"

"आबांच्या बरोबर बैलगाडा घाटात जायची मी," ती म्हणाली. आबा म्हणजे माझे सासरे कोंडिबा. त्यांचे शर्यतीचे बैल होते, आणि घाट म्हणजे बैलगाडे पळवायची धावपट्टी. "आबा म्हणायचे, बैलाकडं बघू नको, त्याच्या कानाकडं बघ. वळायच्या आधी कान वळतो. गाड्यांना कान न्हाईत, पर पोरांना खांदे हायेत. सतरा नंबर डावा खांदा पाडतो, मग तिथून आत घुसतो. बरोबर तिथून."

मग तिनं बॅगेला घातलेल्या माळेतला एक झेंडू तोडला आणि वळणाच्या आतल्या कडेला नेमका एका जागी ठेवला. मामांच्या कॅमेऱ्याला आपोआप काही जमत नाही, फोकस हातानं आधीच धरून ठेवावा लागतो. तिनं तो झेंडूवर धरला. "चाक फुलावर आलं की दाबायचं. बसा खाली." मी चिखलात बसलो, तिनं माझ्या खांद्यावर कोपर टेकवलं.

फायनल सुटली. पहिल्या फेरीत सतरा नंबर आला, डावा खांदा पडला, खटका वाजला, आणि माळाची दोन घमेली माती माझ्या तोंडावर आली. मी हललो नाही. पण झेंडूचा चुरा झाला होता.

"फूल!" शितल ओरडली.

मी पळत जाऊन दुसरं ठेवून आलो. तिसऱ्या फेरीला तिसरं. लोकांचं लक्ष शर्यतीवरून माझ्याकडे वळलं. माइकवरून इंद्रजीत कळवळून म्हणाला, "दाजी, ट्रॅकवर फुलं वाहू नका! मराल, दाजी! आवो कुणीतरी दाजींना आवरा!" चार फोटो झाले. शेवटच्या फेरीला मी पाचवं फूल ठेवलं, मागे वळलो, तर गाड्या वळणावर आल्याच होत्या. मी बांधाशेजारी पालथा पडलो, डोकं हातात धरलं. वरून सगळी शर्यत गेली. त्या गोंगाटातही मला तो एक खटका ऐकू आला.

चार दिवसांनी पुण्याहून रोल धुऊन आला. (माझे अकराही आले होते. बुटाचा सगळ्यात स्पष्ट.) इंद्रजीत दुकानात आला, शितलनं काउंटरवर पाच फोटो मांडले आणि पाचवा त्यानं उचलून उजेडात धरला. पुढचं चाक हवेत, चिखलाचे थेंब जिथल्या तिथे लटकलेले, पोराचे दात आवळलेले, आणि चाकाच्या खाली, एका बोटाच्या अंतरावर, अख्खा झेंडू. अजून चुरगळायचा होता. मी तिथंच होतो, पण मला हे दिसलं नव्हतं. तिथं हजार माणसं होती, ते फक्त माझ्या बायकोला दिसलं होतं. माझा ऊर भरून आला आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

"ताई," इंद्रजीत म्हणाला, "पुण्याच्या माणसाला नगं म्हणून सांगतो." मग फोटो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, "फक्त डावीकडचा हा दगड तेवढा काढून टाकता येईल का?"

"तो दगड न्हाई," शितल म्हणाली. "तुझे दाजी हायेत."

नवा कॅमेरा साफसफाईला पुण्याला गेला. दुरुस्तीवाल्यानं तो चकचकीत करून दिला आणि आतून निघालेल्या दोन अक्षता कागदाच्या पुडीत वेगळ्या बांधून दिल्या. शितलनं त्या देवघरात ठेवल्या आहेत. वर्षभरात तिनं सात शर्यती काढल्या. मी प्रत्येक शर्यतीला जातो. कुठं बसायचं ते ती सांगते.

परवा पुन्हा खंडेनवमी आली. कंपनीतली मशीनं उरकून मी उत्साहानं घरी आलो, तर पाट आधीच मांडलेला होता, नवी चादर, समई, सगळं. कॅमेरे मात्र दिसेनात. कपाटाला कुलूप होतं.

"कॅमेरे कुठायत?" मी विचारलं.

"त्यांची पूजा झाली. बाहेरूनच झाली. तुम्ही बसा इथं." तिनं मला पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली. मला गहिवरून आलं. इतक्या वर्षांच्या संसारात असा मान कुणाच्या वाट्याला येतो?

"आज अवजारांना विश्रांती," ती म्हणाली. "उद्या उत्तरपूजा होईस्तोवर जागचं उठायचं न्हाई, कशाला हात लावायचा न्हाई."

"पण मी कुठलं अवजार?"

तिनं समईची वात सारखी केली, मला एकदा खालून वर न्याहाळलं आणि माझे दोन्ही पाय एकत्र घेऊन नाड्यानं बांधायला सुरुवात केली.

"ट्रायपॉड," ती म्हणाली. "एक पाय कमी हाय, पर सवयीचा झालाय."