एवेलिओशेठच्या दुकानातली चौथी

एवेलिओशेठच्या जीन्सच्या दुकानात दर्शनी भागात सात बाया उभ्या असत. कंबरेच्या वर काही नाही. खाली प्लॅस्टिकचे पाय, आणि भरघोस पार्श्वभाग रस्त्याकडे. कोलंबियातल्या मेडेयिन शहराच्या त्या बाजारात सगळ्याच दुकानांची तीच तऱ्हा. गिऱ्हाईक चेहरा बघून जीन्स घेत नाही, असं शेठचं ठाम मत होतं.

शनिवारी नवा माल आला. तो इतका तंग, की चौथीला चढवताना विक्रेत्या दामारिसबाईंनी जरा जोर लावला आणि चौथी उभी तडकली.

"आता हिच्या जागी तू," शेठ म्हणाले.

"शेठ, सत्तेचाळिशीची बाई मी!"

"वय वरच्या अर्ध्यात असतं. ते जाईल फलकाच्या मागे."

बायांच्या कंबरेवर आडव्या लावलेल्या जाहिरातीच्या फलकावर डोंगरमाथ्यावर हात पसरलेली एक तरुणी होती. तिचे केस वाऱ्यावर उडत होते आणि खाली लिहिलं होतं, 'आता तू मोकळी!'

एरवी बाईंनी शेठची बिनपाण्यानं हजामत केली असती. पण बारा वाजता लेक येणार होती. वीस वर्षांच्या युलीसाला पार्श्वभागाचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं, आणि दवाखान्याला घरच्या कुणाची तरी सही हवी होती. आठवडाभर बाई ती टाळत होत्या. गेल्या वर्षी गल्लीतली एक पोरगी अशाच ऑपरेशनला गेली ती परत आली नव्हती. फलकामागे कोण शोधणार, असा विचार करून त्या मुकाट तयार झाल्या. दोघी विक्रेत्यांनी त्यांना टेबलावर आडवं पाडून, आकडा लावून चेन ओढली आणि चौथीच्या जागी उभं केलं.

पहिल्या तासात मुंग्या आल्या. दुसऱ्या तासात मुंग्याही गेल्या. शेठनं पिसाऱ्यानं सातही जणींची धूळ झटकली, तेव्हा पिसारा आपल्यावरून गेला की शेजारणीवरून, हे बाईंना कळलं नाही. फलकामागच्या अंधारात डोकं होतं, हात होते. त्याखाली काही आहे अशी खात्री वाटेना. त्यांनी खाली बघायचा प्रयत्न केला. मान वाकत होती, पण फलकाच्या कडेखालचं दिसत नव्हतं. बाई घाबरल्या.

बारा वाजता अगदी जवळून ओळखीचा आवाज आला.

"ही बघ गं, चौथी! कसली भारी आहे!" युलीसा मैत्रिणीला सांगत होती. "डॉक्टरला सांगते, डिट्टो अशीच पाहिजे."

"हात लावून बघ ना. खरी वाटतेय."

"चिमटा काढला मी. प्लॅस्टिकच आहे."

बाईंना काहीही जाणवलं नव्हतं.

"फोटो काढ पटकन. आई सापडली की सही घेऊ, सोमवारी ऑपरेशन."

आता मात्र बाईंना राहवेना. "अगं मूर्खे, ते माझं आहे!" त्या फलकामागून ओरडल्या. "दोन बाळंतपणं काढ, वीस वर्षं उभ्यानं नोकरी कर, तुलाही फुकट मिळेल!"

मैत्रीण किंचाळून पळाली. तिच्या चपलांचा आवाज दूर गेला.

"आई?" युलीसाचा आवाज फलकाजवळ आला. "कुठेयस तू?"

"इथेच! तू चिमटा काढलास ना, तीच मी!"

"खोटं. ती गार लागली हाताला."

बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला; निदान कंबरेपर्यंत तरी आला.

"हे बघ, मी पाय हलवते. मग तरी पटेल?" बाईंनी डोळे मिटले, सगळा जीव एकवटला आणि जिथे उजवा पाय असायला हवा तिथे हुकूम पाठवला. "हलला का गं?"

रस्त्यावरचा आंबेवालासुद्धा ओरडायचा थांबला होता.

"युलीसा? हलला का?"

"हलला. सातही जणींचा." मग कागद टराटरा फाटल्याचा आवाज आला. "मला नाही करायचं काही ऑपरेशन. पण आई, खरं सांग... आत तुम्ही कितीजणी आहात?"