फाडण्याआधी तीनदा पुकारा

शंकर धर्मा भोईर मेलेल्या माणसांना हाका मारायचे. ड्युटीवर, भर दुपारी, खणखणीत आवाजात.

भिवंडीच्या कोर्टात ते रेकॉर्ड कीपर होते आणि मी त्यांच्या हाताखालचा कारकून. ही एकोणीसशे सत्तरनंतरच्या वर्षांतली गोष्ट. मुदत संपलेल्या फायली नष्ट करणं हे आमचं काम. त्याचा रिवाज ठरलेला होता. यादी करायची, नोटीस फळ्यावर लावायची, पक्षकारांना आपले अस्सल कागद परत न्यायला वेळ द्यायचा, आणि मग उरलेली फाईल रेकॉर्ड कीपरने आपल्यासमोर फाडायची. कोर्ट फीचे स्टॅम्प मात्र वेगळे काढून जाळायचे, कारण जुने स्टॅम्प धुऊन पुन्हा विकणारे महाभाग गावात होते.

भोईरकाकांनी या रिवाजात स्वतःचं एक कलम घातलं होतं. फाईल फाडण्याआधी ते खिडकीत उभे राहून वादी-प्रतिवादींना तीनदा पुकारत. "पांडू जोमा पाटील, दापोडे, हाजीर हो." पांडू जोमा पाटलांच्या नातवंडांचे केस पिकलेले असायचे. काका दाराकडे बघत क्षणभर थांबत, मग टर्रकन आवाज येई.

"कशाला हो काका?" मी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं.

"ज्या कागदापायी भावाशी बोलला न्हाय तो कागद चाललाय. त्याला सांगायला नको? कागद मरू दे पोरा, पण रीतीनं मरू दे."

एकदा एका मुसलमान वादीचा पुकारा ऐकून खरोखरच एक माणूस धावत आला. शेजारच्या गल्लीतला पॉवरलूमवाला, नाव नेमकं तेच. घामाघूम होऊन दारात उभा. "हाजिर हूँ साहब. क्या गुनाह हुआ?"

"आप नहीं. आपके नाम का दूसरा आदमी. वो तो कब का गुजर गया."

लूमवाल्याने खाली बसून पाणी प्यायलं. मग जरा धीर आल्यावर म्हणाला, "केस जीता था कि हारा?"

"हारा."

"देखो, नाम में ही गड़बड़ है," असं म्हणून तो गेला. पुढे दर शुक्रवारी नमाजानंतर तो रेकॉर्ड रूममध्ये डोकावून विचारायचा, "आज मेरा नंबर नहीं ना, भोईर साहब?"

फायलींचे वर्ग असतात. काही कायम ठेवायच्या, काही बऱ्याच वर्षांनी फाडायच्या, काही लवकर. काकांना सगळं जग याच वर्गांत दिसे. आमच्यावरच्या शिरस्तेदारांचा राग? "सहा महिन्यांचा. पुढं आपोआप नष्ट." शिपायाचे विनोद? "यादीत घालायच्या आधीच फाडावेत." माझ्या लग्नाची पत्रिका हातात घेऊन त्यांनी गंभीरपणे विचारलं होतं, "ही कायम ठेवायची ना रे?"

त्या काकांबद्दल भिवंडीत अजून काय बोलतात ते मला ठाऊक आहे. 'तो स्टॅम्पचोर भोईर.' गेल्या महिन्यात एका बारशात एक निवृत्त वकील पंगतीत हेच हसत हसत सांगत होते. मी ताटावरून उठलो. तिथे जे बोलायला हवं होतं ते इथे लिहितो आहे, आणि ज्याला खोडायचं असेल त्याने समोर येऊन खोडावं. भोईरांनी स्टॅम्प चोरले नाहीत. त्यांना चोर ठरवणारा जबाब माझा होता.

झालं असं. फळ्यावरची नोटीस कोणी वाचत नसे. वाचता येणारे वकील असत आणि त्यांना मेलेल्या दाव्यात रस नसे. म्हणून काका सुट्टीच्या दिवशी सायकल काढून गावोगाव निरोप द्यायला जात. कोर्टातला माणूस आला म्हटल्यावर दारं पटापट लागत. ते ओट्याखाली उभे राहून ओरडत, "समन्स न्हाय. तुमचाच कागद हाय. घेऊन जा." पाणीसुद्धा कोणाच्या घरी पीत नसत. पक्षकाराचं पाणी म्हणजे लाच, असं त्यांचं गणित.

असाच निरोप मिळून कशेळीची हिरूबाई आली. खाडीकाठची विधवा म्हातारी. नवऱ्याने बांधावरून दावा लावला होता, निकालाआधीच तो वारला. काकांनी रीतसर पोच घेऊन तिला जुनं खरेदीखत परत दिलं. पण म्हातारी हलेना. तिचा डोळा उघड्या फाईलवर होता. अर्जाखाली एक अंगठा होता, मधोमध आडवी फट.

"ह्यो त्येंचा," ती म्हणाली. "विळा लागला व्हता. मीच हळद भरली व्हती. मना द्या ह्यो कागुद."

"तो देता येत न्हाय बाय. दाव्याचा अर्ज हाय तो. पक्षकाराचा कागद तेवढा परत मिळतो."

"मंग तुमी काय करनार त्याचा?"

"फाडणार."

"फाडनार तं मना द्या ना. येक फोटू न्हाय, टोपी न्हाय, काय न्हाय माझ्या घरान त्येंचा."

काकांनी फाईल मिटून बाजूला ठेवली. म्हातारी गेल्यावर त्यांनी स्टॅम्प काढून माझ्यादेखत बादलीत जाळले. खिडकीत जाऊन तिच्या नवऱ्याला तीनदा पुकारलं. फाईल फाडली. आणि एक कागद घडी करून खिशात घातला. मी ते पाहिलं. दारातून शिपायानेही पाहिलं.

शिरस्तेदारांच्या कानावर गेलं. खिशात काय असणार? स्टॅम्प. चौकशी बसली, काका निलंबित झाले. मला चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "भोईरांनी खिशात काही घातलं का? हो की नाही?" माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. मी हो म्हटलं. स्टॅम्प माझ्यासमोर जळाले, हे मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

निकाल लागायचा होता, तेवढ्यात हिरूबाई पुन्हा आली. तिच्या कानावर काहीतरी गेलं होतं. लुगड्याच्या पदरातून तिने काकांनी नेऊन दिलेला तो कागद काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. "त्या मानसाला माझ्यापायी काडलाय म्हनं. ह्यो घ्या. त्याला परत घ्या."

मी तिला व्हरांड्यात बसवलं आणि धामणकर नाक्यावर काकांच्या खोलीवर गेलो. खाली लूमची खडखड, वर काका एकटे भाजी निवडत बसलेले. मी सगळं सांगितलं. म्हटलं, हा कागद दाखवला तर स्टॅम्पचा आळ जाईल. एक ताकीद मिळेल, फार तर.

"आणि कागदाचं काय होईल?" काकांनी विचारलं.

मी समोरची एक शेंग उचलून मोडू लागलो.

"फाडतील. रीतच हाय ती. मी असतो तरी फाडला असता." ते शेंगा मोडत राहिले. "तिला सांग, कोर्टवाले हा कागद आमचा न्हाय म्हणतात. घरी घेऊन जा."

"तुम्हाला चोर म्हणतील काका."

"म्हणू दे. मी कुठं त्यांच्या घरी जेवायला जातोय? स्टॅम्प चोरला न्हाय, हे मला ठाऊक हाय. कागद चोरला, तेपण मला ठाऊक हाय. साहेबाला निम्मंच ठाऊक हाय, तर त्यानं निम्मीच शिक्षा द्यावी."

"मग मी निदान स्टॅम्प जाळल्याचं सांगतो."

"मग विचारतील, खिशात काय होतं? गप बस तू."

मी गप्प बसलो. मला तेच हवं होतं, हेही लिहायलाच हवं. पुढे त्यांची पगारवाढ रोखली, रेकॉर्ड रूममधून हलवलं, आणि ते निवृत्त होईपर्यंत लोक त्यांना पाहून खिसे चाचपण्याची नक्कल करत राहिले. काका त्यांना म्हणत, "नीट बघा, माझ्यासाठी काय ठेवलंय का." आज ते नाहीत, हिरूबाईही नाही. आता कोणाचा कागद फाटायचा राहिलेला नाही.

त्या दिवशी काकांच्या खोलीवरून मी निघालो तेव्हा त्यांनीही चपला घातल्या. "म्हातारीला बस सापडणार न्हाय. तू स्टँडवर आण तिला. मी लांबून बघतो. मला पाहिलं तर परत कागद काढील."

मी हिरूबाईला निरोप सांगितला. तिने मला दोनदा विचारलं, "खरंच तुमचा न्हाय?" मग कागद पदरात बांधून माझ्याबरोबर स्टँडवर आली. उसाच्या रसाच्या गाडीआड काका उभे होते. मी तिला बसमध्ये खिडकीजवळ बसवून दिलं. बस हलली तशी तिने पदराची गाठ उघडली आणि मांडीवरच्या कागदाला काहीबाही सांगू लागली, घरी चाललो म्हणून सांगावं तसं.

बस गेल्यावर मी रसाच्या गाडीआड गेलो. काका तिथेच होते.

"चला," मी म्हटलं.

"काय सांगत होती रे त्याला?"

"ऐकू नाही आलं."

त्यांनी मान हलवली. स्टँड हळूहळू रिकामा होत होता.

"तू हो पुढं," ते म्हणाले. "तुझ्या घरी वाट बघत असतील. मी बसतो इथं जरा."