तीन किलो दोनशे ग्रॅमची जबाबदारी

बाळाच्या वस्तूंच्या प्रदर्शनाला जायचे पुष्कळ फायदे असतात, असं आमच्या ऑफिसातल्या टायपिस्टबाईंनी मला सांगितलं. सगळं एका छताखाली बघायला मिळतं, दहा बाबागाड्या शेजारी शेजारी लावून ढकलता येतात, जाणकार माणसं फुकट सल्ला देतात आणि नमुन्यादाखल मिळालेले डायपर पंधरा दिवस पुरतात. हे सगळं खरं आहे. एक तोटाही आहे, पण तो मी स्वतः शोधून काढला.

अर्थात मी तिथे गेलो ते फायद्यांसाठी नव्हे. बायकोला आठवा महिना सरत आला होता, आणि हॉस्पिटलचा नियम असा की बाळंतपणाच्या खोलीत घरचं एकच माणूस येऊ शकतं. त्या एका जागेसाठी दोन उमेदवार होते. एक मी, दुसरी माझी मोठी मेहुणी. मेहुणीबाई शाळेत खेळ शिकवतात. त्यांनी शिट्टी मारली की मैदानावरची पोरंच काय, बाहेरच्या रस्त्यावरच्या सायकलीसुद्धा थांबतात. त्यांच्यापुढे माझी बाजू जरा लंगडीच होती. (मागे एकदा रक्त तपासायला गेलो तेव्हा मी चक्कर येऊन पडलो होतो. रक्त बायकोचं तपासायचं होतं.)

"तिथे सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं असतं," बायको म्हणायची. "तू पडलास तर डॉक्टर तुझ्याकडे बघत बसतील. त्यापेक्षा ताई बरी."

यात तथ्य होतं, नाही असं नाही. पण मला आत जायचं होतं. माझं मूल जगात येणार आणि मी बाहेर बाकावर बसून कुणीतरी टाकून दिलेलं मासिक चाळणार, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. म्हणून मी बोलून गेलो, "रविवारी प्रदर्शनाला जाऊ. माझी किती तयारी आहे ते बघच तू!"

पहिल्या अर्ध्या तासात मी तयारीची चुणूक दाखवली. बाबागाडीवाला म्हणाला, "साहेब, ही एका हाताने मिटते." मी एका हाताने मिटवली. दुसरा हात आत राहिला. तो सोडवायला दोन विक्रेते आणि पाळण्यांच्या स्टॉलवरचा सुतार लागला. सुताराने फुकट सल्लाही दिला, पण तो इथे लिहिण्यासारखा नाही.

तोवर बायकोचे पाय सुजले होते. खुर्च्यांच्या स्टॉलवर एक झुलती खुर्ची तिने पकडली, पाय स्टुलावर टाकले आणि डोळे मिटले. "मी आता इथून हलत नाही. मला जरा पाणी आणून दे."

पाणी आणायला निघालो आणि वाटेत 'बाबांची शाळा' असा फलक दिसला. तिथे एक सिस्टर बाहुल्या मांडून बसल्या होत्या. बाहुल्या साध्यासुध्या नव्हत्या. वजन तीन किलो दोनशे ग्रॅम, मान लुळी आणि पोटात यंत्र. बाहुली मधूनच रडायची. तिच्या रडण्याला किती वेळात प्रतिसाद दिला, मान किती वेळा सोडली, सगळं ते यंत्र टिपून घ्यायचं. तासाभराने बाहुली परत केली की छापील निकाल, आणि सत्तरच्या वर गुण पडले तर 'सक्षम पिता' असं प्रमाणपत्र.

मी तिथूनच बायकोला ओरडून विचारलं, "हे मिळवलं तर मी आत?"

"आधी मिळव तरी!" ती खुर्चीतून ओरडली. "आणि पाणी!"

इथे माझ्या नोकरीबद्दल थोडं सांगायला हवं. मी रेकॉर्ड विभागात कारकून आहे. आमच्याकडे शिस्त एकच, टेबलावर एका वेळी एकच फाईल. ती निकालात निघेपर्यंत दुसरीकडे ढुंकूनही बघायचं नाही. या शिस्तीमुळे नऊ वर्षांत माझ्या हातून एक चिठोरं हरवलेलं नाही. सिस्टरनी बाहुली माझ्या हातात ठेवली मात्र, डोक्यातली बाकीची सगळी कपाटं आपोआप बंद झाली.

तिसऱ्या मिनिटाला बाहुलीने भोकाड पसरलं. मी थोपटलं, झुलवलं, गाणं म्हटलं. गाण्याने शेजारच्या स्टॉलवरचं खरं बाळही रडायला लागलं.

"सिस्टर, थांबतच नाही हो!"

"गाडीत बसवून बघा. गाडी सुरू केली की बाळं झोपतात. पण आवारातच हं!"

गाडीत बाळाची सीट मी आठवडाभर आधीच बसवून ठेवली होती. (माझ्या हातून ती उलटी बसली होती, पण सुदैवाने ती उलटीच बसवायची असते.) बाहुलीला पट्टे लावले, मान सांभाळली, इंजिन सुरू केलं. गप्प! इंजिन बंद केलं. भोकाड! मग काय, मी पार्किंगमध्येच फेऱ्या मारायला लागलो. चौथ्या फेरीला तिथल्या रखवालदाराला वाटलं, बिचाऱ्याला बाहेरचा रस्ता सापडत नाही. तो धावत आला, फाटक उघडलं आणि अदबीने हात दाखवला. मागे तीन गाड्या हॉर्न देत होत्या. मी बाहेर पडलो. पुढे वळायला जागा थेट तिसऱ्या सिग्नलला होती.

दुसऱ्याच सिग्नलला गाडी थांबली आणि बाहुली सुरू झाली. मी मागे वळून "अले अले, कोण ललतंय?" करत होतो, तेवढ्यात शेजारच्या स्कूटरवरच्या बाईंनी खिडकीतून डोकावलं.

"किती दिवसांचं आहे हो?"

"दिवसांचं कुठलं, एका तासाचं."

"एका तासाचं?"

"म्हणजे तासाभरासाठीच दिलंय मला. पावणेपाचला परत करायचंय."

"परत? कुणाला परत?"

"कंपनीला. आमचं स्वतःचं पुढच्या महिन्यात येतंय. हे आपलं सरावापुरतं."

बाईंनी स्कूटर आडवी घातली आणि ट्रॅफिक पोलिसाला हाक मारून आमचं सगळं बोलणं त्याला ऐकवलं.

पोलीस आला. चांगला धिप्पाड, मिशीवाला. त्याने मागचं दार उघडलं, पट्टे सोडले, मानेखाली तळवा धरून बाहुली अलगद उचलली, खांद्यावर टाकली आणि पाठीवर दोनदा थोपटलं. बाहुली गप्प. "मला तीन आहेत," तो म्हणाला. मग थोपटता थोपटता त्याच्या हाताला बॅटरीचं झाकण लागलं.

"साहेब, हे प्लॅस्टिकचं आहे."

"हो, पण मान सोडू नका! गुण जातात!"

पोलिसाने झाकण पुन्हा एकदा चाचपलं. "याची आई कुठाय?"

"याला आई नाही."

"बरं. आणि पुढच्या महिन्यात येतंय म्हणालात, त्याची आई?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्याची आई सुजलेले पाय स्टुलावर टाकून, माझ्या भरवशावर, तहानलेली बसली होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी पोलिसाला म्हटलं, पावतीबिवती काय करायची ती करा, पण आधी मला सोडा. त्याने बाहुली पुन्हा सीटमध्ये ठेवली, पट्टे माझ्यापेक्षा नीट लावले आणि माझ्यासाठी अख्खा चौक थांबवला.

प्रदर्शनाच्या दारातच लाऊडस्पीकर ऐकू आला. "बाहुली घेऊन गेलेल्या निळ्या शर्टातल्या गृहस्थांनी खुर्च्यांच्या स्टॉलवर यावं. आपली पत्नी वाट बघत आहे. पुन्हा सांगतो, बाहुली नाही, पत्नी."

वाटेत सिस्टरच्या हातात बाहुली दिली आणि धावलो. बायको त्याच खुर्चीत होती. तिच्या हातात पाण्याचा ग्लास होता. बाबागाडीवाल्याने आणून दिलेला. पिंडरीत गोळा आला तेव्हा सुताराच्या बायकोने तिचा पाय चोळून दिला होता. मी तोंड उघडणार, इतक्यात सिस्टर निकालाचा कागद फडकवत आल्या.

"अभिनंदन! शहाण्णव गुण! मान एकदाही सोडली नाही. रडण्याला सरासरी अकरा सेकंदांत प्रतिसाद. आजचे सर्वोत्तम बाबा!"

बायकोने कागद घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला. "बाळाला अकरा सेकंद," ती म्हणाली. "आणि बाळाच्या आईला एक तास दहा मिनिटं."

"चुकलंच माझं," मी म्हणालो. मग सिग्नल, स्कूटर, तीन पोरांचा पोलीस, सगळं तिला सांगून टाकलं.

"मला भीती वाटली रे," ती हळूच म्हणाली. "तुला कुठे काही झालं की काय, असं वाटलं." मग डोळे पुसून तिने फोन काढला. "पण प्रमाणपत्र आहे ते बाळ सांभाळायचं. तेव्हा बाळ बाहेर आलं की तू सांभाळ. तोवर बाळ माझ्याकडे, आणि मी ताईकडे."

माझ्यासमोर तिने मेहुणीबाईंना फोन लावला, स्पीकरवर. "ताई, ठरलं. आत तूच ये."

"अगं," मेहुणीबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला, "मला ते रक्तबिक्त नाही गं बघवत. पोरांचे गुडघे फुटले तरी मी दुसरीकडे तोंड करून शिट्टी वाजवते. तू त्यालाच नेशील असं धरून मी आपली हो हो म्हणत होते."

बायकोने फोन ठेवला. माझ्याकडे बघितलं, माझ्या प्रमाणपत्राकडे बघितलं, मग छताकडे बघितलं. माझी छाती आपली फुगायला लागली होती.

"तो ट्रॅफिक पोलीस," ती म्हणाली, "त्याला तीन आहेत म्हणालास ना?"

"हो."

"त्याचा नंबर घेतलास का?"

नव्हता घेतला. म्हणून आत मी जाणार आहे.