तबकडी-यंत्र निवड समिती

आमच्या घरी ब्लूटूथवालं टर्नटेबल घेण्यात आलं, त्याचं मूळ माझ्या कानात आहे. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या दोन्ही कानांत आळीपाळीने डोकावून पाहिलं आणि ओरडून सांगितलं, "आजी, डावा गेला. उजवाही निघालाय. काही ऐकायचं राहिलं असेल तर ऐकून घ्या."

मी म्हटलं, "ओरडू नका. उजवा अजून इथेच आहे."

ऐकायचं राहिलेलं माझं एकच होतं. कपाटात कपड्यांच्या घडीखाली माझी एक रेकॉर्ड आहे. तिच्यावरचं गाणं एकदा पुरं ऐकायचं, मग कानाने खुशाल जावं. मी अडवणार नव्हते.

रेकॉर्ड वाजवायचं यंत्रही घरात होतं, पण थोरल्या सुनेने त्याच्या पोटातलं सगळं काढून त्यात वेल लावला. "जुन्या वस्तूंना नवं आयुष्य द्यायचं असतं, आई," असं ती म्हणाली. नवं आयुष्य द्यायचं तर आधी जुनं काढून घ्यावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. घरातली सगळ्यात जुनी वस्तू मीच. तेव्हापासून सून माझ्याकडे जरा निरखून बघायला लागली की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

तर मी जेवताना म्हटलं, "मला रेकॉर्ड वाजवायचं एक साधं यंत्र आणून द्या."

माझा थोरला पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाला. तो कचेरीतून बाहेर पडला, पण कचेरी काही त्याच्यातून बाहेर पडायला तयार नाही. त्याने घास खाली ठेवला.

"आई, 'साधं' म्हणजे काय, याची व्याख्या करावी लागेल."

"साधं म्हणजे सुई टेकवली की वाजतं ते."

"ही तुझी भावना झाली. निकष नाही."

जेवण संपायच्या आत तबकडी-यंत्र निवड समिती स्थापन झाली. अध्यक्ष थोरला. सदस्य थोरली सून, माझा धाकटा मुलगा आणि जावई. मी हात वर केला तर थोरला म्हणाला, "तू लाभार्थी आहेस. लाभार्थ्याला मत देता येत नाही. उद्या लोक म्हणतील, म्हातारीने स्वतःच्या सोयीचं यंत्र घेतलं."

"मग काय लोकांच्या सोयीचं घ्यायचं?"

"प्रश्न नोंदवून घेतला आहे," थोरला म्हणाला आणि भात वाढून घेतला.

नवशिक्याला परवडेल, झेपेल असं यंत्र घ्यायचं, इथवर एकमत झालं. असलं यंत्र शोधायचं काम धाकट्याकडे गेलं. तो आठवडाभर मोबाइलमध्ये तोंड खुपसून लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचत बसला. त्यात अडचण अशी की प्रत्येक यंत्राच्या अभिप्रायात शेवटी एकच वाक्य असतं, 'हे चांगलंच आहे, पण थोडी भर घातलीत तर याच्या वरचं मिळेल.' धाकटा आज्ञाधारक. तो वरच्यावर गेला. तिथेही तेच वाक्य. असा पायरी पायरीने चढत तो अशा यंत्रापाशी पोचला, जे ठेवायला दगडी चौथरा लागतो आणि तो चौथरा पेलायला खालचा मजला.

"नवशिक्यासाठी हे उत्तम आहे," धाकट्याने समितीला सांगितलं. "फक्त घर बदलावं लागेल."

त्याला पुन्हा हळूहळू खाली आणावं लागलं. उतरताना प्रत्येक पायरीवर तो उसासा टाकत होता, जणू वरची सगळी यंत्रं त्याच्या मालकीची होती आणि आम्हीच ती त्याला विकायला लावत होतो.

आता जावई. आम्ही त्यांना कानसेन म्हणतो, कारण ते कधीही नुसतं ऐकत नाहीत. गाणं लागलं की डोळे मिटतात, मान तिरकी करतात आणि गाणं सोडून बाकी सगळ्याबद्दल बोलतात. "खालचा सूर जरा सांडतोय," असं परवा म्हणाले. मी फरशी पुसायला फडकं आणलं.

कानसेनांचा ब्लूटूथला विरोध होता. "आई, सुईने आवाज खाचेतून जपून उचलायचा आणि मग हवेत सोडून द्यायचा? वाटेत त्याचं काय होईल?"

"काय व्हायचं? माझ्या कानापर्यंत येईल."

"सगळा येणार नाही."

"मला तरी कुठे सगळा ऐकू येतोय?"

यावर त्यांनी डोळे मिटले. पण तारेचं यंत्र घ्यावं तर थोरली सून उभी राहिली. "भिंतीवरून तारा लोंबलेल्या मला चालणार नाहीत. खोली आहे की विजेचा खांब?" शेवटी कानसेनांचा विरोध नोंदवून, सुनेच्या भिंतीचा मान राखून, ब्लूटूथ मंजूर झालं. आवाज नीट येईल का, ही चर्चा दोन्ही बाजूंनी सोडून दिली. ती पुढच्या टप्प्यावर होती.

यंत्र कुठे ठेवायचं, यासाठी फरशीची तपासणी झाली. कानसेनांनी फळीवर पाण्याचा पेला ठेवला आणि आम्हा सगळ्यांना एकेक करून समोरून चालायला लावलं. थोरला चालला, पाणी हललं नाही. सून चालली, हललं नाही. मी चालले आणि पाण्याला तरंग आला.

"लाभार्थ्याच्या हालचालीमुळे सुईला धोका संभवतो," थोरल्याने जाहीर केलं. "यंत्र चालू असताना आईने या खोलीत येऊ नये."

"अरे, मग मी ऐकू कुठून?"

"ध्वनिवर्धक उपसमिती त्याचा विचार करील."

ध्वनिवर्धक म्हणजे स्पीकर. ब्लूटूथच्या यंत्राच्या स्वतःच्या पोटात आवाज नसतो. ते आवाज हवेत सोडतं, तो झेलायला वेगळा स्पीकर लागतो. या कामी धाकटा आणि सून यांची उपसमिती नेमली होती. धाकट्याला वाटलं, रंग ठरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तेव्हा सून बघेल. सुनेला वाटलं, अभिप्राय वाचल्याशिवाय रंग ठरत नाही, तेव्हा धाकटा बघेल. अध्यक्षाला वाटलं, उपसमिती नेमली म्हणजे काम झालं. त्याची सगळी नोकरी याच श्रद्धेवर पार पडली होती.

यंत्र आलं. खोक्यातून काढताना चौघांनी असे हात लावले, जणू बाळंतपण चालू आहे. मी रेकॉर्ड घेऊन दारात उभी. कानसेनांनी पांढरे हातमोजे चढवले, विजेरी लावली आणि माझी रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून बराच वेळ पाहिली.

"आई, हिच्यावर ओरखडे आहेत."

"माझ्याही तोंडावर सुरकुत्या आहेत. मला जेवायला बसवताच ना?"

"सुई नवी आहे, आई. नव्या सुईला असली रेकॉर्ड लावणं म्हणजे…" त्यांनी हातमोजाच छातीवर ठेवला.

उद्घाटनासाठी त्यांनी स्वतःची रेकॉर्ड आणली होती. तिच्यात गाणं नव्हतं. यंत्र नीट आहे का हे तपासण्यासाठी तिच्यावर नुसते आवाज भरलेले होते, घंटा, शिट्ट्या आणि एक माणूस 'डावीकडे, उजवीकडे' म्हणतो ते. मी यंत्राचं खोकं ओढलं आणि दारात त्याच्यावर बसले. समितीला बाहेर पडायला दुसरा रस्ता नव्हता. कानसेनांना स्वच्छतागृहाकडे जायचं होतं, हे त्यांच्या पायांवरून दिसत होतं. खास बाब म्हणून माझी रेकॉर्ड एकदा लावायला मंजुरी मिळाली. मीही न हलण्याच्या अटीवर खोलीत बसायचं ठरलं.

थोरल्याने प्रास्ताविक केलं. पाणीपुरवठ्याचा उल्लेख त्यात दोनदा आला. मग तबकडी फिरायला लागली. यंत्रावर निळा दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला. सुई टेकली.

काहीच ऐकू आलं नाही.

मी उजवा कान पुढे केला. काही नाही. तबकडी फिरत होती, सुई खाचेतून चालली होती आणि खोलीत चिडीचूप. मी समितीकडे पाहिलं. कानसेनांनी डोळे मिटले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "वा! मागची शांतता किती काळीभोर आहे."

सुनेने एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं. मग तिनेही मान डोलवली. "उबदार आहे नाही? मोबाइलवर हा उबदारपणा मिळत नाही."

धाकटा म्हणाला, "अभिप्रायात हेच लिहिलं होतं." आणि थोरला पायाने ताल धरायला लागला.

चौघं डोलतायत आणि मला काही ऐकू येत नाही, म्हणजे उजवाही गेला. नेमका आज, नेमका आत्ता. इतकी वर्षं सांभाळला, भांड्यांच्या आदळआपटीतून, या चौघांच्या बोलण्यातून जपून आणला, आणि गाण्याच्या दारात येऊन त्याने हात सोडला. मी पदराने तोंड झाकलं. सून कानसेनांना हळूच म्हणाली, "आई किती रंगल्यात बघा."

तेवढ्यात दार वाजलं. खाडखाड वाजलं आणि मला ऐकू आलं!

दारात खालच्या मजल्यावरची शिवणकामवाली होती, गळ्यात टेप तशीच. "आजी, तुमच्याकडे काही चालू केलंत का? मी नवा स्पीकर आणलाय, आत्ताच बटण दाबलं, तर आपोआप गाणं सुरू झालं त्यात. इतकं जुनं गाणं माझ्या मोबाइलमध्ये नाही हो. म्हटलं, तुमचंच असणार."

मी हलायचं नाही ही अट मोडली. कठडा धरून खाली गेले. मशीन, चिंध्या, अर्धवट झगे आणि त्या पसाऱ्यात एक लालभडक स्पीकर. त्याच्यातून माझं गाणं येत होतं. मी उजवा कान त्याला टेकवला. अंतरा सुरू होता.

"काय पाहून घेतलास गं हा?" मी विचारलं.

"पाहायचं काय त्यात? लाल होता म्हणून घेतला," ती म्हणाली आणि माझ्यासाठी स्टुलावरचे कपडे उचलले.

मी बसले. शेवटचं कडवं यायचं होतं. गाणारणीने श्वास घेतला, तो श्वाससुद्धा मला ऐकू आला. आणि गाणं तुटलं.

मी वर आले तेव्हा कानसेन हातमोज्याने सुई पुसत होते. "पहिल्या दिवशी सुईवर एवढाच ताण पुरे, आई."

"अरे, वाजत होतं ते खाली! तिच्या स्पीकरमध्ये! तुम्ही इथे डोलत होतात कशाला?"

खोलीत पुन्हा तीच काळीभोर शांतता पसरली. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, हे मात्र मी नीट पाहिलं. मग थोरल्याने घसा साफ केला. "आई, इतिवृत्तात 'आवाज उत्कृष्ट' अशी एकमताने नोंद झाली आहे. आता आवाज नव्हता म्हटलं, तर चौकशी आपल्यावरच येईल."

शिवणकामवाली माझ्या मागोमाग आली होती. ती भाबडेपणाने म्हणाली, "मग मी स्पीकर वर आणून देते की. आजींना ऐकू दे."

"लाल?" सून म्हणाली. "या पडद्यांवर?"

"त्या डबड्याने यंत्राचा आवाज बिघडेल," कानसेन म्हणाले.

आता दर रविवारी आमच्याकडे पाहुणे येतात. तबकडी फिरते, निळा दिवा शोधत राहतो आणि मंडळी डोळे मिटून बसतात. अजून एकालाही कमी ऐकू आलेलं नाही. उलट जाताना म्हणतात, इतका स्वच्छ आवाज आमच्याकडच्या यंत्राला नाही. दोघांनी तर घरी जाऊन आपले स्पीकर काढून टाकले. माझी रेकॉर्ड सुईला धोकादायक ठरल्यामुळे सुनेने ती काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावली आहे. खूप छान दिसते, असं सगळे म्हणतात. डॉक्टरीणबाई परवा पुन्हा उजव्या कानात डोकावल्या. यावेळी ओरडल्या नाहीत, कागदावर लिहून दाखवलं.

हा सगळा प्रकार मी येईल त्याला सांगते. लोक शेवटपर्यंत ऐकतात, पोट धरून हसतात, डोळे पुसतात आणि मग जरा पुढे सरकून विचारतात, "पण आजी, शेवटी कोणत्या कंपनीचं घेतलंत?"

तुमच्याही ओठांवर तेच आलंय, मला दिसतंय. इथवर आलात, पण गाणं कोणतं होतं आणि त्या शेवटच्या कडव्यात काय होतं, हे तुम्हीही नाहीच विचारलंत. विचारायचं असेल तर उजव्या बाजूने या, आणि जरा लवकर या.