तीन चाळीसला म्हातारे झालेले कॅप्टन

माणूस हळूहळू म्हातारा होतो हा समज अशास्त्रीय आहे. माणूस ठरावाने म्हातारा होतो.

हे मला फार उशिरा कळलं, कारण वडीलधाऱ्यांचं न ऐकण्याची माझी सवय जुनी. माझं लग्न ठरत होतं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले होते, "मुलगा गुणी आहे, विमानही छान चालवतो. पण मोठ्या माणसाला नाही म्हणणं त्याला जमत नाही. बघ बाई." मी ते हसण्यावारी नेलं. नाही न म्हणणारा नवराच तर मला हवा होता (मैत्रिणींनीही एकमताने दुजोरा दिला).

बाबा एका कंपनीच्या नऊ आसनी विमानाचे कॅप्टन, आणि नवरा त्यांच्या शेजारचा सहवैमानिक. म्हणजे माझं माहेर डाव्या खुर्चीत आणि सासर उजव्या खुर्चीत बसून एकदमच उडायचं. मी खाली मुलीला भरवता भरवता ढग मोजायची. कॉलेजात हवामानाचा एक पेपर होता, त्याचा एवढाच उपयोग झाला.

चौतीस वर्षांत बाबांनी कंपनीच्या मोठ्या साहेबांना एकेचाळीस वेळा उड्डाण नाकारलं. धुक्यामुळे एकोणीस, वादळामुळे एकवीस, आणि एकदा "मन धजत नाही" म्हणून (फॉर्मवर याला रकाना नव्हता, समासात लिहिलं). ऑफिसात त्यांना नन्ना कॅप्टन म्हणत. याच काळात अपघात शून्य. कंपनीने हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बारकाईने पाहिले आणि एकेचाळीस बैठका उगाच हुकल्या असा निष्कर्ष काढला.

मग समिती नेमली गेली. सभासद पाच, सरासरी वय चौऱ्याहत्तर. अध्यक्ष मोठे साहेब, वय एक्क्याऐंशी. साठीनंतर माणसाची चपळाई कमी होते, तेव्हा वैमानिकाने साठ पूर्ण होताक्षणी निवृत्त व्हावं, असं समितीने चार बैठकांत ठरवलं (तिसऱ्या बैठकीत चुकून दुसरीचेच विषय पुन्हा मंजूर झाले). समितीला स्वतःला हा नियम लागू नाही. निर्णय घ्यायला चपळाई कुठे लागते?

"होताक्षणी" या शब्दाची अंमलबजावणी चोख झाली. बाबांचा जन्मदाखला मागवण्यात आला. वेळ दुपारी तीन चाळीस. जावयाला अजून महिनाभर शेजारी बसून शिकवू द्या, असा अर्ज बाबांनी केला. त्यावर सहानुभूतीपूर्वक विचार झाल्याचं उत्तर आलं. फक्त विचार झाल्याचं.

शेवटच्या दिवशी सकाळी बाबा एकोणसाठ वर्षांचे होते, म्हणून जाताना विमान त्यांनी चालवलं. साहेबांची बैठक दोनला संपायची, ती संपली पावणेचारला. बाबांना म्हातारं होऊन पाच मिनिटं झाली होती. कंपनीने खबरदारी म्हणून एक नवा सहवैमानिक सकाळपासून मागे आणून बसवलेलाच होता. तो उजव्या खुर्चीत गेला, माझा नवरा डाव्या, आणि बाबांना आसन क्रमांक सहा मिळालं. साहेब आपुलकीने म्हणाले, आता निवांत बसा, कॅप्टन.

समोर आभाळ शाईसारखं झालं होतं. साहेबांनी पुढे बघून विचारलं, "काय, निघायचं ना?"

नवऱ्याने मागे वळून बाबांकडे पाहिलं. प्रवाशांनी वैमानिकाला सूचना देऊ नयेत, असं आसनापुढच्या कार्डावर स्पष्ट छापलेलं आहे (मजकूर बाबांचाच). तरी बाबा बोलले.

"जावईबापू, वीस मिनिटं थांबा."

माझा नवरा हो म्हणाला. मोठ्या साहेबांना.

विमान उतरलं, तिसऱ्या प्रयत्नात. वाटेत सामानाच्या पेट्या निखळल्या, नव्या सहवैमानिकाला ओकारी झाली, साहेबांना गाढ झोप लागली. बाबा घरी आले, नातीला मांडीवर घेऊन त्यांनी वरणभात भरवला. मग म्हणाले, "हात चांगला आहे त्याचा." हाताबद्दल मी विचारलंच नव्हतं.

नवऱ्याला "सकारात्मक वृत्तीबद्दल" प्रशंसापत्र मिळालं. ते त्याने फ्रिजवर सरळ चिकटवलं, तिसऱ्या प्रयत्नात. वय एकतीस. निवृत्तीला एकोणतीस वर्षं बाकी.

गेल्या चार महिन्यांत नाकारलेली उड्डाणं शून्य. बाबा गॅलरीत बसून ढगांकडे बघतात आणि स्वतःशीच नाही म्हणतात. दोन वर्षांची लेक ते ऐकून तंतोतंत तसंच म्हणायला शिकली आहे. घराण्याचा गुण एक पिढी गाळून उतरला म्हणायचा.

आज सकाळी नवऱ्याने साहेबांना परगावी सोडलं. विमान रिकामंच परत यायचं होतं, एव्हाना यायला हवं होतं. मी ऑफिसला फोन केला. सेक्रेटरी मायेने म्हणाल्या, "साहेब सुखरूप पोहोचले हो ताई, काळजी करू नका." विमानाचं विचारलं, तर ती नोंद त्यांच्याकडे नसते.

त्यांना मी दोष देत नाही. आज तुम्हीही कुणालातरी घाई केलीच असेल. गाडी चालवणाऱ्याला, सामान पोचवणाऱ्याला. पाऊस होता, त्याचे डोळे तारवटलेले होते, तुम्ही विचारलंत "होईल ना वेळेत?" आणि तो हो म्हणाला. तुम्ही पोहोचलात, म्हणून तर हे वाचता आहात. तो तिथूनच एकटा मागे फिरला. त्याला एक फोन करा, घरी पोहोचला का विचारा. उचलला तर लगेच ठेवा. त्याच्या घरचे फोन मोकळा व्हायची वाट बघत असतील.